मधले मतदार
(निवडणूक पद्धतींच्या अभ्यासाची प्रस्तावना)

म्हैसूरच्या अग्रहारात राहणाऱ्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला मतं किती, असं कुणी विचारलं तर उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. लोकसभेसाठी तो थेट मत देतो, विधानसभेसाठी कृष्णराज मतदारसंघात थेट मत देतो, महापालिकेच्या प्रभागातही थेटच. पण महापौर निवडायची वेळ आली की त्याला कुणी विचारत नाही. तिथे ६५ नगरसेवक आणि त्यांच्या जोडीला शहराचे आमदार-खासदार मत देतात. तो पदवीधर असेल आणि त्याने वेळेत नाव नोंदवलं असेल, तर दक्षिण पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर कोण जावं यात त्याला हात घालता येतो. शेजारच्या दारातला, दहावीनंतर दुकानावर बसलेला माणूस मात्र त्या दिवशी नुसता पाहत राहतो. राज्यसभेत कर्नाटकाचं कोण बसणार हे आमदार ठरवतात. राष्ट्रपती कोण होणार हे देशभरचे निवडून आलेले आमदार आणि खासदार मिळून ठरवतात. एका गल्लीतल्या एका मतदाराभोवती थेट आणि अप्रत्यक्ष निवडणुकीचे इतके नमुने असताना या विषयाची ओळख करून घ्यायला अमेरिकेपर्यंत जाण्याचं कारण नाही.

तरी बहुतेक वाचक इथे येतात ते अमेरिकेच्याच रस्त्याने. दर चार वर्षांनी नोव्हेंबर आला की मराठी वर्तमानपत्रांत ‘निर्वाचक मंडळ’ हा शब्द दिसू लागतो. ५३८ निर्वाचक, बहुमताला २७०, आणि ज्याला देशभरात जास्त मतं पडली तोच हरला, अशी चमत्कारिक बातमी. २००० साली अल् गोर आणि २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त मतं मिळाली आणि अध्यक्षपद मिळालं नाही. एकोणिसाव्या शतकातही असं घडलं होतं. कारण दोन. पहिलं, प्रत्येक राज्याला सिनेटच्या दोन जागांचं वजन जास्तीचं मिळतं. वायोमिंगच्या सहा लाखांहून कमी लोकांना तीन निर्वाचक, तर कॅलिफोर्नियाच्या सुमारे चार कोटींना ५४. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं आहे. मेन आणि नेब्रास्का सोडले तर बाकीच्या ४८ राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात राज्याचे सगळे निर्वाचक. उरलेल्यांची मतं राज्याच्या सीमेवरच थांबतात. हे वाचून आपण मान डोलावतो आणि म्हणतो, आपल्याकडे बरं, असलं काही नाही.

आहे. अग्रहारातल्या मतदाराने हे तीनदा पाहिलं आहे. २००४ च्या कर्नाटक विधानसभेत काँग्रेसला सुमारे ३५ टक्के मतं आणि ६५ जागा मिळाल्या; भाजपला सुमारे २८ टक्के मतं आणि ७९ जागा. २००८ मध्ये काँग्रेस ३४.७६ टक्के, भाजप ३३.८६ टक्के, जागा मात्र काँग्रेसला ८० आणि भाजपला ११०. २०१८ मध्ये पुन्हा काँग्रेस ३८ टक्क्यांच्या आसपास, भाजप ३६ च्या आसपास, आणि १२ मे रोजी मतदान झालेल्या २२२ जागांत भाजप १०४, काँग्रेस ७८. पंधरा वर्षांत तीनदा जास्त मतांचा पक्ष जागांत मागे राहिला. इथे कुठेही निर्वाचक मंडळ नव्हतं. सगळं मतदान थेट होतं. काँग्रेसची मतं राज्यभर पसरलेली होती, विरोधकांची ठरावीक भागांत एकवटलेली, आणि मतदारसंघाच्या रेषेने बाकीचं काम केलं.

म्हणून ‘निर्वाचक मंडळ न्याय्य की थेट लोकमत न्याय्य’ हा प्रश्न मला नेहमी अर्धवट वाटतो. मतदार आणि निकाल यांच्यामध्ये काहीतरी असतंच. कधी माणसं असतात, कधी नकाशावरची रेषा, कधी मोजणीचा नियम. पाहायचं ते हे की मधल्या माणसांना तिथे कुणी बसवलं, कोणाला त्यातून गाळलं, त्यांच्या मताला वजन कशावरून दिलं, आणि ज्यांच्या नावाने ती मत देतात त्यांचा कौल ती पुढे नेतात की त्यांच्या जागी स्वतःच ठरवतात. थेट निवडणुकीलाही हेच प्रश्न लागू आहेत, फक्त तिथे ते दिसत नाहीत. या शास्त्रात पहिल्यांदा येणाऱ्या वाचकाला मी एवढंच सांगेन: आधी मधला थर शोधा, मग न्यायाची भाषा करा.

अग्रहार हे नाव इथे उगाच आलेलं नाही. राजाने वेदविद ब्राह्मणांना जमीन देऊन वसवलेली वस्ती ती अग्रहार. अशाच प्रकारच्या एका वसाहतीत, कांचीपुरम्‌जवळच्या उत्तरमेरूरमध्ये, चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले इसवी सन ९१९ आणि ९२१ चे शिलालेख आहेत आणि त्यांत गावसभेच्या समित्या कशा निवडाव्यात याचे नियम कोरले आहेत. गावाचे तीस विभाग. प्रत्येक विभागातून पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकायची आणि एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घ्यायची. आपल्याकडची लोकशाही किती जुनी, हे सांगताना वक्ते या मडक्याचा हमखास उल्लेख करतात. पात्रतेचा भाग मात्र ते भरभर वाचून टाकतात. वय ३५ ते ७०, कर भरणारी स्वतःची जमीन, वेदाचं ज्ञान, आणि आधीच्या समितीत राहून हिशेब न देणाऱ्याला, त्याच्या नातलगांनाही, बंदी. हिशेबाची अट आजच्या कायद्यांनाही लाजवेल अशी आहे. पण जमीन कसणारा, कातडं कमावणारा, आणि कोणतीही स्त्री, यांच्या नावाची चिठ्ठी त्या मडक्यात पडणंच शक्य नव्हतं. सोडत अगदी निष्पक्ष होती. अन्याय मडक्यात काय टाकायचं इथे झालेला होता.

म्हैसूर संस्थानाने हाच धडा हजार वर्षांनी वेगळ्या पद्धतीने गिरवला. १८८१ च्या मार्चमध्ये ब्रिटिशांनी राज्य चामराजेंद्र वडियारांच्या हाती परत दिलं आणि त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लूंनी प्रतिनिधी सभा सुरू केली. दसऱ्याच्या निमित्ताने, ७ ऑक्टोबर १८८१ ला, १४४ सभासद म्हैसुरात जमले. हे लोक निवडून आले नव्हते. तालुक्यांतले जमीनदार आणि व्यापारी यांच्यातून ते पाठवले गेले होते. दिवाणाने कारभाराचा अहवाल वाचायचा आणि सभासदांनी गाऱ्हाणी मांडायची. कायदा करणं त्यांच्या हाती नव्हतं. पुढे दिवाण शेषाद्री अय्यरांच्या काळात सभासद निवडणुकीने येऊ लागले, पण मत देण्याचा हक्क ठरावीक शेतसारा भरणाऱ्यांना आणि शिकलेल्यांना होता.

१९०७ साली या सभेशेजारी दुसरं एक मंडळ उभं राहिलं, ते म्हणजे विधान मंडळ. त्या वेळी दिवाण होते व्ही. पी. माधवराव. कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी देशस्थ घराण्यातले. त्यांच्या मागोमाग दिवाण झालेले टी. आनंदराव तर त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेल्या सर टी. माधवरावांचे चिरंजीव. घरात मराठी बोलणाऱ्या या दिवाणांनी कन्नड मुलुखाचा कारभार केला, आणि दोन टप्प्यांची निवडणूक म्हैसुरात मुरली ती त्याच काळापासून. प्रतिनिधी सभेच्या सभासदांना आपल्यातले काहीजण विधान मंडळावर निवडून पाठवता येऊ लागले. आधीच थोड्यांनी निवडलेले, त्यांनी आणखी थोडे निवडायचे. माधवरावांच्याच कारकीर्दीत, १९०८ साली, वर्तमानपत्रांवर बंधन घालणारा कडक कायदाही आला, हे या चित्रातून वगळू नये. मोजक्यांना बोलण्याची जागा द्यायची आणि बाकीच्यांचा आवाज आवरायचा, या दोन गोष्टी एकाच दिवाणखान्यातून निघत होत्या. १९२३ च्या कायद्याने प्रतिनिधी सभेला पक्का कायदेशीर आधार मिळाला आणि स्त्रियांना स्त्री म्हणून असलेली मताची बंदी उठली.

ब्रिटिश मुलखातही वेगळं काही नव्हतं. लोकमान्य म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते टिळक १८९५ साली मुंबईच्या कायदेमंडळात गेले ते लोकांच्या मतांनी नव्हे, मध्य विभागातल्या लोकल बोर्डांच्या मतांनी. गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या मंडळात पोचले ते मुंबई मंडळातल्या बिनसरकारी सभासदांनी त्यांचं नाव पुढे केल्यामुळे. १८९२ च्या कायद्यात निवडणूक हा शब्दसुद्धा नव्हता. संस्था नावाची शिफारस करत आणि सरकार नेमणूक करी. गोखल्यांची अंदाजपत्रकावरची भाषणं आजही वाचण्यासारखी आहेत. ती करायला त्यांना पाठवणारी माणसं किती थोडी होती हे लक्षात ठेवून वाचली तर आणखी वाचण्यासारखी वाटतात. अप्रत्यक्ष निवडणुकीतून सुमारच माणसं येतात, हा थेट निवडणुकीच्या कैवाऱ्यांचा आवडता समज इथे टिकत नाही.

या विषयातलं सर्वांत शिकवणारं प्रकरण मराठी मुलखातलंच आहे, आणि ते या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवडा तुरुंगात गांधीजींचं उपोषण सुरू असताना पुणे करार झाला. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना वेगळा मतदारसंघ आणि प्रांतिक मंडळांत ७१ जागा दिल्या होत्या. करारात जागा वाढून १४८ झाल्या, मतदारसंघ संयुक्त झाला, आणि मध्ये एक टप्पा घालण्यात आला. राखीव जागेच्या मतदारसंघातले अस्पृश्य मतदार मिळून एक निर्वाचक मंडळ बनेल आणि ते चार उमेदवार निवडेल, असं कलम कराराच्या मसुद्यातच आहे. या प्राथमिक फेरीत प्रत्येकाला एक मत. सर्वाधिक मतांचे चौघे मग सगळ्या मतदारांपुढे उभे राहतील. दोन टप्प्यांची ही कल्पना सुचवली होती तेज बहादूर सप्रूंनी. मुदत दहा वर्षांची.

ही रचना कागदावर आखून पाहा. एका मतदारसंघात समजा अस्पृश्यांच्या फेरीत एकाला निम्म्याहून जास्त मतं पडली आणि चौथ्याला अगदी थोडी. चौघेही पुढच्या फेरीत जातात. तिथे बहुसंख्य मतदार सवर्ण. त्यांना पहिला नको असेल आणि चौथा चालत असेल तर चौथा निवडून येईल. राखीव जागा भरली, प्राथमिक फेरी झाली, अस्पृश्यांनीच निवडलेल्या चौघांतला एकजण सभागृहात बसला, सगळं नियमाप्रमाणे. आणि तरी ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांचा पहिला माणूस घरी. आता फक्त एक आकडा बदला. चारांच्या ऐवजी दोन घ्या. सवर्ण मतदारांच्या हाती उरलेली निवड एकदम आक्रसते, कारण दोघेही अस्पृश्यांच्या मोठ्या हिश्श्याने निवडलेले असतात. एक घ्या, तर दुसरी फेरीच उरत नाही आणि वेगळा मतदारसंघच मागच्या दाराने परत येतो. त्या तुरुंगात जी ओढाताण झाली तिच्यातला बराच भाग या एका आकड्यात सामावलेला आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढच्या काळात या व्यवस्थेवर जी कडवट टीका केली तिची मुळं इथे आहेत. न्याय-अन्यायाचा फैसला कधी कधी तत्त्वात नसून ‘किती’ या प्रश्नात दडलेला असतो.

त्याच बाबासाहेबांचं पुढचं आयुष्य मात्र उलटी साक्ष देतं, आणि म्हणूनच हा विषय मला सोडवत नाही. १९४६ साली घटना समितीचे सभासद प्रांतिक विधिमंडळांनी निवडायचे होते, म्हणजे ही शुद्ध अप्रत्यक्ष निवडणूक. मुंबई प्रांताच्या विधिमंडळातून त्यांना वाट नव्हती. काँग्रेसचं बहुमत होतं आणि ते त्यांच्या बाजूला नव्हतं. ते आले बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या साथीदारांच्या मतांवर. हे जमलं ते मोजणी प्रमाणशीर आणि पसंतीक्रमाची होती म्हणून. त्या पद्धतीत थोडे पण ठाम मतदार एकत्र आले की एक जागा पक्की करू शकतात. फाळणीनंतर बंगालमधली ती जागा गेली, तेव्हा जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर मुंबईने त्यांना पाठवलं, या वेळी काँग्रेसच्या पाठिंब्याने. मग १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली, प्रौढ मताधिकाराची, थेट, जिची चौकट त्यांनी स्वतः उभी केली होती. उत्तर मुंबईतून ते काँग्रेसच्या काजरोळकरांकडून सुमारे पंधरा हजार मतांनी हरले. त्याच वर्षी राज्यसभेत गेले ते आमदारांच्या मतांनी. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत पुन्हा थेट उतरले आणि पुन्हा हरले. थेट लोकमताने ज्याला दोनदा नाकारलं त्याला अप्रत्यक्ष निवडणुकीने तीनदा आत घेतलं. यावरून निर्वाचक मंडळ श्रेष्ठ असं कुणी म्हणू लागेल, तर त्याने पुणे कराराची चार नावं पुन्हा आठवावीत.

राष्ट्रपतीची निवडणूक हे आपलं सर्वांत ठळक निर्वाचक मंडळ. घटना समितीत के. टी. शहांनी मागणी केली होती की राष्ट्रपती सगळ्या प्रौढ मतदारांनी थेट निवडावा. नेहरूंनी आणि नंतर आंबेडकरांनी तिला विरोध केला. आंबेडकरांची कारणं व्यवहाराची होती: मतदारांची प्रचंड संख्या, तेवढी निवडणूक चालवायला अपुरी यंत्रणा, आणि मुख्य म्हणजे ज्या पदाला स्वतःची सत्ता नाही त्याला कोट्यवधींचा कौल कशाला. हे शेवटचं कारण मला आजही पटतं. कोट्यवधी मतं घेऊन आलेला माणूस नुसता सही करायला बसत नाही. तो पंतप्रधानाशी बरोबरीने बोलू लागतो. पद कोणतं आहे ते ठरवल्याशिवाय त्याची निवड कशी करावी हे ठरत नाही.

या मंडळातल्या मतांना वजन असतं. आमदाराचं वजन काढायचं ते राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने आणि मग हजाराने भागून. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताची किंमत १७५, कर्नाटकाच्या १३१, उत्तर प्रदेशाच्या २०८, गोव्याच्या २०, सिक्कीमच्या ७. सगळ्या आमदारांच्या वजनांची बेरीज खासदारांत सारखी वाटायची. २०२२ साली खासदाराची किंमत ७०० होती आणि सगळी मिळून मतं १०,८६,४३१. लहान राज्याला आमदारांच्या बाजूने फुकटचं वजन मिळत नाही, हे अमेरिकेपेक्षा नक्कीच चांगलं. पण खासदारांच्या बाजूने ते मिळतं, आणि हा हिशेब सहसा कुणी करत नाही. महाराष्ट्राचे ६७ खासदार आणि २८८ आमदार यांची २०२२ ची मतं ९७,३००. गोव्याचे तीन खासदार आणि चाळीस आमदार यांची २,९००. १९७१ च्या लोकसंख्येने भागलं तर दर हजार माणसांमागे महाराष्ट्राला १.९३ आणि गोव्याला ३.६५. म्हणजे सावंतवाडीतल्या माणसापेक्षा पणजीतल्या माणसाचं वजन जवळजवळ दुप्पट. गोव्याएवढ्या लहान राज्याने हे वजन वाहिलं म्हणून कुणाचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही, आणि संघराज्यात थोडं झुकतं माप असावं असं माझंही मत आहे. मात्र ते आहे हे माहीत असावं.

१९७१ हा आकडा मात्र गोड मानून घेता येत नाही. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसंख्येचा काटा तिथे थांबवला आणि नंतरच्या दुरुस्तीने तो २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबलेलाच ठेवला. हेतू प्रामाणिक होता: ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन केलं त्यांना शिक्षा होऊ नये. परिणाम असा की आज महाराष्ट्राचा आमदार १७५ आणि तमिळनाडूचा १७६ मोलाचा आहे. २०११ च्या लोकसंख्येने मोजलं तर तेच आकडे ३९० आणि ३०८ होतात. केरळचा आमदार १५२ वरून २३९ वर जातो, बिहारचा १७३ वरून ४२८ वर. दोन्ही बाजूंना न्यायाची भाषा आहे. एक माणूस एक वजन म्हणणारे आणि जबाबदारीने वागलेल्याला दंड नको म्हणणारे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेवरून दक्षिणेत जी अस्वस्थता आहे ती म्हैसुरात बसून चांगली कळते. मुंबईत बसून ती कळायला थोडा वेळ लागतो, कारण या हिशेबात महाराष्ट्र उत्तरेच्या जवळ जाऊन बसतो.

या मंडळात खरी चुरस झाली ती १९६९ साली, आणि तिच्या मध्यभागी एक मराठी माणूस होता. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींचा कल व्ही. व्ही. गिरींकडे, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्यावर चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडलेले. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतं पडली. विजयाला ४,१८,१६९ हवी होती; ती कुणालाच नव्हती. मग दुसऱ्या पसंती उघडल्या. देशमुखांच्या मतांतली बहुतेक रेड्डींकडे वळली, अंतर ८७,९६७ वरून १४,६५० वर आलं, पण गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि जिंकले. आमदार-खासदारांनी सद्सद्विवेकाने मत द्यावं असं पंतप्रधानांनी सुचवलं आणि मंडळातल्या बऱ्याच जणांनी पक्षाचं न ऐकता दिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेने निर्वाचक मंडळ मोडून थेट निवडणूक आणण्याची घटनादुरुस्ती मोठ्या बहुमताने मंजूर केली. पुढच्या वर्षी ती सिनेटमध्ये अडली आणि तिथेच राहिली. २००७ साली प्रतिभाताई पाटलांच्या वेळी शिवसेनेने आपल्याच आघाडीचा उमेदवार सोडून मराठी उमेदवाराला मत दिलं, तेव्हाही मधल्या मतदारांना स्वतःचं मन असू शकतं हे दिसलं. अमेरिकेच्या निर्वाचकाने तसं मन दाखवलं तर अनेक राज्यांत तो कायद्याने दोषी ठरतो.

गणिताची बाजूही या विषयाला आहे आणि तिला बिचकण्याचं कारण नाही. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से याने १७८५ साली दाखवलं की तीन पर्यायांत बहुमत गोल फिरू शकतं: अ हा ब ला हरवतो, ब हा क ला, आणि क पुन्हा अ ला. केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलं की साध्या, रास्त वाटणाऱ्या काही अटी एकाच वेळी पाळणारी पसंती-मोजणीची पद्धत असूच शकत नाही. अमर्त्य सेन यांनी १९७० च्या ग्रंथात तिथून पुढचा रस्ता काढला. आणि १९६० च्या दशकात जॉन बँझॅफ यांनी अमेरिकेच्या मंडळाचा हिशेब करून एक अनपेक्षित गोष्ट सांगितली: त्यांच्या मापाने निकाल फिरवण्याची ताकद लहान राज्यांच्या मतदारापेक्षा मोठ्या राज्यांच्या मतदाराला जास्त असते, कारण तिथलं एक मत एकदम मोठा गठ्ठा फिरवू शकतं. त्यांच्या गृहीतकांवर पुष्कळ वाद झाला. तो वाचावा, वजन आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून जितकं स्पष्ट होतं तितकं दुसऱ्या कशातून होत नाही.

शेवटी गावाकडे. घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने जिल्हा आणि तालुका पातळीवरचे अध्यक्ष सभासदांतूनच निवडायचे असं ठरवून टाकलं. गावच्या प्रमुखाची पद्धत मात्र राज्यांवर सोडली. कर्नाटकात ग्रामपंचायतीचा अध्यक्ष सदस्य निवडतात. महाराष्ट्राने २०१७ साली सरपंच थेट जनतेतून आणला, २०२० साली तो पुन्हा सदस्यांतून निवडायचं ठरवलं, आणि २०२२ साली परत थेट केला. नगराध्यक्षांची कहाणीही अशीच आहे, २००१ पासून मागे-पुढे होत आलेली. सरकार बदललं की पद्धत बदलते, आणि दर वेळी दोन्ही बाजू लोकशाहीचं नाव घेतात. महापौर मात्र या सगळ्या धामधुमीत नगरसेवकांच्याच हाती राहिला, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

सदस्यांतून सरपंच निवडला की काय होतं हे गावाकडच्या वाचकाला सांगायला नको: दोन-तीन सदस्य सहलीला जातात, मोबाइल बंद होतात, आणि मतदानाच्या सकाळी गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात उभी राहते. जून २०२२ मध्ये विधान परिषदेच्या मतदानानंतर याचीच मोठी, आमदारांची आवृत्ती महाराष्ट्राने पाहिली. थेट सरपंचाने हा बाजार कमी होतो, यात शंका नाही. पण मग सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं अशी वेळ येते. उपसरपंच सदस्यांनी निवडलेला असतो. त्यामुळे एकाच टेबलाला दोन वेगवेगळे कौल बसतात, आणि पाणीपुरवठ्याचं बिल महिनोन्‌महिने मंजूर होत नाही. थेट निवडलेल्या सरपंचाला हटवायचं तर तीन चतुर्थांश सदस्यांचा ठराव आणि वर ग्रामसभेचं मतदान लागतं, म्हणजे कोंडी लवकर फुटतही नाही.

यातलं कोणतं बरं, याचं उत्तर देण्याजोगं काम झालेलं मला दिसलेलं नाही, आणि ते करायला सीमाभागासारखी जागा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातला कागल तालुका आणि बेळगाव जिल्ह्यातला निपाणी तालुका एकमेकांना खेटून आहेत. भाषा तीच, ऊस तोच, सोयरिकी त्याच. कागलच्या बाजूला सरपंच मतदार निवडतात, निपाणीच्या बाजूला अध्यक्ष सदस्य निवडतात. राज्यं वेगळी म्हणून निधी, आरक्षण आणि अधिकार यांतले फरक वजा करावे लागतील, पण एवढा जवळचा सामना देशात फार ठिकाणी सापडायचा नाही. या विषयात काही नवं करू पाहणाऱ्याने दोन्हीकडची पाच-सहा गावं निवडावीत आणि सुरुवात मुलाखतींनी करू नये. ग्रामपंचायतीच्या मासिक सभांचं इतिवृत्त मागावं. त्यात किती सभा गणसंख्येअभावी तहकूब झाल्या, कोणते ठराव किती वेळा पुढे ढकलले गेले आणि सूचक-अनुमोदक म्हणून कुणाची नावं पुन्हापुन्हा येतात, हे महाराष्ट्राच्या बाजूला २०१७ च्या आधीचं, २०१७ नंतरचं, २०२० नंतरचं आणि २०२२ नंतरचं, असं वेगवेगळं मांडावं. कागलकडच्या गावांतल्या वह्या मराठीत असतील, निपाणीकडच्या कन्नडमध्ये. दोन्ही वाचणारं माणूस या भागात शोधावं लागत नाही.

अग्रहार, म्हैसूर